वाचक विचारतात : चर्चचे बांधकाम आणि शिष्यांची घडण

आलेल्या पत्रांचे दोन ढीग होतील असा अंदाज होता. एकात खडी-वाळू-सिमेंट, दुसऱ्यात बायबल अभ्यास. वाचायला घेतल्यावर ढीग एकमेकांत मिसळले, कारण स्लॅबची तक्रार लिहिणाऱ्यानेच खाली ‘तरुणांचा गट बंद पडला आहे’ अशी एक ओळ जोडलेली असते. म्हणून या अंकात बांधकामातले जाणकार आणि शिष्यत्वाचे वर्ग घेणारे शिक्षक यांनी एकत्र बसून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मंडळीतल्या एका कुटुंबाने जमीन दान दिली आहे. पुढच्याच महिन्यात कोनशिला बसवावी असे सगळ्यांचे मत आहे. त्याआधी काय पाहावे?

तारीख जाहीर झाली नसेल तर सध्या करू नका. आधी कागद. जमीन मंडळीच्या नोंदणीकृत संस्थेच्या नावावर व्हायला हवी. पाळकांच्या किंवा खजिनदारांच्या नावावर ‘तात्पुरती’ ठेवलेली जमीन पुढच्या पिढीत हमखास भांडण लावते. दान देणाऱ्याच्या सर्व वारसांची लेखी संमती घ्या आणि त्या जागेवर प्रार्थनास्थळ बांधायला परवानगी मिळते का, हे नकाशावर खर्च करण्यापूर्वीच विचारा.

मग माती. शेजारच्या घराला तडे नाहीत म्हणून आपली जमीन चांगली, हा तर्क सभागृहाला लागू पडत नाही. घरात दर तीन-चार मीटरवर खांब किंवा भिंत असते. सभागृहात मधला खांब कोणालाच नको असतो, त्यामुळे छपराचा सगळा भार कडेच्या थोड्या खांबांवर येतो आणि प्रत्येक पायावर घराच्या कितीतरी पट वजन पडते. कोपऱ्यांवर आणि मध्यभागी खड्डे किंवा बोअर घेऊन मातीची भारक्षमता तपासून घ्या. तपासणी पायाच्या तळाच्याही बऱ्याच खाली जायला हवी, साधारण पायाच्या रुंदीच्या दीड ते दोन पट. वरचा थर कडक आणि खाली मऊ चिखल, असे पुष्कळदा निघते.

चिकणमाती असेल तर जास्तच जपा. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि हलक्या इमारतीला अक्षरशः उचलते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला तडा हे तिचे नेहमीचे लक्षण. पाया अशा खोलीपर्यंत न्यावा लागतो जिथे ऋतूबरोबर ओलावा बदलत नाही, आणि इमारतीभोवती निदान मीटरभर रुंद, बाहेर उतार असलेला फरशीचा पट्टा ठेवावा लागतो. जमेल तर एक पावसाळा त्या जमिनीवर जाऊन पाणी कुठे साचते ते पाहा. नहेम्या यरुशलेमात पोचल्यावर कोणालाही काही न सांगता रात्री तटाची पाहणी करून आला आणि मग लोकांपुढे बोलला (नहेम्या २:१२-१६). सध्या तुमचा क्रम उलटा चालला आहे.

प्रश्न : उपासनेला १५० जण येतात. समितीत कोणी २०० खुर्च्यांचे सभागृह म्हणते, कोणी ५०० चे. नेमके किती मोठे असावे?

गणित करून पाहू. १२ मीटर रुंद आणि १८ मीटर लांब सभागृह धरा. पुढचे ४ मीटर व्यासपीठाला, त्यापुढे प्रभुभोजन आणि प्रार्थनेसाठी २ मीटर मोकळे. शेवटी दारापाशी १.२ मीटरची आडवी वाट. उरले १०.८ मीटर, त्यात ९० सेंटिमीटर अंतराने १२ रांगा. रुंदीत मधली वाट दीड मीटर आणि दोन्ही कडांना १.२ मीटर सोडले की ८.१ मीटर उरतात. एका खुर्चीला ५० सेंटिमीटर धरले तर रांगेत १६ जण. एकूण १९२ जागा.

सभागृह चार-पंचमांश भरले की येणाऱ्याला ते भरलेलेच वाटते आणि नवा माणूस दारातून परत जातो. १९२ चे चार-पंचमांश म्हणजे १५३. आजच्या मंडळीला हे माप बरोबर बसते, वाढीला मात्र जागा उरत नाही. तरीही आमचे मत ५०० च्या विरुद्ध आहे. वाढ झाली तर आधी दोन उपासना करा. दुसऱ्या उपासनेला वाद्य वाजवणारे, वचन वाचणारे, मुलांना शिकवणारे नवे हात लागतात आणि माणसे तयार होतात. मोठ्या सभागृहाला फक्त जास्त खुर्च्या लागतात.

त्याऐवजी खोल्या बांधा. चार बाय पाच मीटरच्या तीन खोल्या, प्रत्येकीत १२ जण गोल बसू शकतील अशा, आणि सभागृहातून न जाता बाहेरून दार असलेल्या. म्हणजे आठवड्याच्या मधल्या दिवशी मोठे सभागृह न उघडता, दिवे-पंखे न लावता गट भरवता येतो. नकाशात खर्च कापायची वेळ आली की पहिली कात्री या खोल्यांनाच लागते. शिष्यत्वाचे वर्ग मग जिन्याखाली भरतात आणि सहा महिन्यांत थांबतात.

पुढे वाढवायची सोय ठेवायची असेल तर मागची भिंत भार न घेणारी ठेवा आणि वाढीव भागाला स्वतंत्र खांब व मध्ये सांधा राहील असा नकाशा आताच करून घ्या. ‘पुढे कधीतरी’ म्हणून उघड्या सोडलेल्या सळया दोन-तीन पावसाळ्यांत गंजून निकामी होतात. सोडायच्याच असतील तर त्यांच्याभोवती कमी सिमेंटच्या काँक्रीटचे वेष्टण घाला.

आणि दारे. एवढ्या माणसांना बाहेर पडायला एकमेकांपासून दूर अशी दोन दारे लागतातच. दोन्ही बाहेर उघडणारी हवीत आणि उपासना चालू असताना एकालाही कुलूप नको.

प्रश्न : इमारत फंडात निम्मी रक्कम आहे, उरलेल्याची लोकांनी वचने दिली आहेत. काम सुरू करावे का? हिशोबावरून कुजबुज होऊ नये यासाठी काय करावे? (एक खजिनदार)

वचन म्हणजे पैसा नव्हे. लूक १४:२८-३० मधला बुरूज बांधू पाहणारा माणूस पाया घालून थांबला आणि हसे झाले. त्या दाखल्याचा मूळ विषय शिष्यत्वाची किंमत हा आहे, पण त्यातला हिशोब बांधकामालाही शब्दशः लागू पडतो. प्रश्न पूर्ण रक्कम हातात आहे का हा नाही. काम अडले तर ते कुठे अडेल, हा आहे.

बांधकामाला थांबण्याच्या दोन सुरक्षित जागा असतात. पहिली जोत्यापर्यंत. जोते भरून, वर काँक्रीटचा थर टाकून काम वर्षभर थांबले तरी बिघडत नाही. दुसरी जागा छप्पर पडल्यावर. छप्पर असेल तर गिलाव्याशिवाय, फरशीशिवाय, खिडक्यांना नुसते गज लावूनही आत उपासना होते. या दोन्हींच्या मध्ये थांबणे सर्वांत वाईट. उभे खांब, गंजणाऱ्या सळया, भाड्याने आणलेले सेंट्रिंग आणि रोज वाढणारे बिल. म्हणून आजच्या पैशात जोते पुरे करा. तिथून छपरापर्यंतची सगळी रक्कम आणि वर दहा टक्के हातात आल्याशिवाय पहिला खांब उभारू नका. खिडक्या, फरशी, रंग हे पैसे येतील तसे करता येते.

कंत्राटदाराला पैसे मोजलेल्या कामाचेच द्या. नोंदवहीत लांबी-रुंदी-उंची लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या की बिल. प्रत्येक बिलातून पाच टक्के राखून ठेवा आणि काम संपल्यावर एक पावसाळा गळतीविना गेला की ते द्या. ‘भाऊ आपल्याच मंडळीतले आहेत’ म्हणून लेखी करार टाळला जातो, आणि नेमकी तिथेच मंडळी फुटते.

आता कुजबुज. २ राजे १२ वाचा. योवाश राजाच्या काळात मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा याजकांच्याच हातून खर्च व्हायचा होता, आणि राजाच्या २३ व्या वर्षापर्यंत दुरुस्ती झालीच नव्हती. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून मोजत आणि पैसा थेट काम पाहणाऱ्यांकडे जाई. त्या पैशातून रुप्याची भांडीही केली गेली नाहीत. म्हणजे वेगळी पेटी, वेगवेगळ्या अधिकारातली मोजणारी दोन माणसे आणि ठरलेल्या कामाशिवाय खर्च नाही. याच अध्यायातले १५ वे वचन, की कामकऱ्यांकडे हिशोब मागत नसत, पुढे करून काही समित्या वही दाखवायचे टाळतात. त्यांनी दोघांनी मिळून मोजण्याचे १० वे वचनही वाचावे. पौलाने यरुशलेमासाठी गोळा केलेली मदत एकट्याने नेली नाही. कोणी दोष लावू नये म्हणून तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसे पाठवली (२ करिंथ ८:१६-२१).

तुमच्यापुरते सांगायचे तर इमारत फंडाचे खाते वेगळे ठेवा. मोजणारे दोघे एका घरातले नसावेत. महिन्याला एक पान फलकावर लावा, त्यात जमा, खर्च, शिल्लक आणि देणे असलेली बिले असावीत. शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात आणि शिल्लक उगाच मोठी दिसते. देणगीदारांची यादी रकमेसह लावू नका.

वस्तुरूप दानाचीही वही हवी, आणि नाही म्हणायची तयारीही. कोणी सिमेंट दिले तर गोणीवरची तारीख पाहा. तीन महिन्यांहून जुने, ओल लागून खडे झालेले सिमेंट स्लॅबला वापरू नये. कोणी घरच्या जुन्या खिडक्या दिल्या म्हणून भिंतीची मापे बदलू नयेत.

प्रश्न : स्लॅबच्या दिवशी सगळी मंडळी श्रमदानाला येणार आहे. आम्हाला हा सहभागितेचा उत्तम प्रसंग वाटतो. काही सूचना?

प्रसंग उत्तम, पण दिवस चुकीचा निवडला आहे. स्लॅब ओतण्याच्या दिवशी हौशी माणसांकडून होणाऱ्या चुका पुढे दुरुस्त होत नाहीत.

मिक्सरपाशी काय घडते पाहा. ५० किलोची एक गोणी, अर्धे पाणी या प्रमाणात २५ लिटर पाणी. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. माल घट्ट दिसतो, घमेल्यातून पटकन सरकत नाही. कोणीतरी प्रेमाने अर्धी बादली ओततो. पाच लिटर जास्त पडले की काँक्रीटची ताकद ढोबळमानाने पाचव्या हिश्शाने उतरते. वाळल्यावर पृष्ठभाग छान गुळगुळीत दिसतो, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. माल सरकत नसेल तर व्हायब्रेटर नीट चालवायचा किंवा अभियंत्याच्या सल्ल्याने त्यासाठीचे रसायन घालायचे. पाणी हा उपाय नव्हे.

दुसरी चूक पायांची. दारावरच्या छज्जात मुख्य सळया वरच्या बाजूला असतात, कारण ओढ तिथे येते. त्यावरून दहा माणसे घमेली घेऊन गेली की सळया दबून खाली बसतात. छज्जा होतो, टेकू काढले की मुळाशी तडा जातो, कधी अख्खा खाली येतो. सळयांवर फळ्यांची वाट करा आणि छज्जाच्या जागी वरच्या सळयांखाली आधाराच्या खुर्च्या बांधल्यात का, ते ओतण्याआधी स्वतः हात लावून पाहा. स्लॅबच्या सळयांखाली २० मिलिमीटरचे, बीमला २५ चे आणि खांबांना ४० चे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई काँक्रीटच्या कडेपासून आत ठेवणारे ठोकळे, हवेत. खडीचा दगड सारलेला चालत नाही. कव्हर कमी पडले की काही वर्षांत सळई गंजून फुगते आणि गिलाव्यासकट पापुद्रे पडू लागतात.

त्या दिवशी दर ठराविक मालामागे १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून घ्या. निम्मे ७ दिवसांनी आणि निम्मे २८ दिवसांनी दाबून तपासले जातात. सातव्या दिवशी अपेक्षित ताकदीच्या साधारण दोन-तृतीयांश आली नसेल तर टेकू काढायची घाई नको. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू निदान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस, आणि ६ मीटरहून लांब बीमचे २१ दिवस ठेवतात.

मंडळीची खरी गरज दुसऱ्या दिवशी सुरू होते. स्लॅबवर मातीचे किंवा पातळ सिमेंटचे छोटे बांध घालून पाणी साठवायचे आणि १४ दिवस ते वाळू द्यायचे नाही. खांबांना ओली गोणपाटे गुंडाळून ठेवायची. कंत्राटदाराचा माणूस चौथ्या दिवशी येईनासा होतो आणि कोवळ्या स्लॅबला केसासारख्या भेगा पडतात. हे काम कौशल्याचे नाही, नेमाचे आहे. म्हणून सकाळ-संध्याकाळच्या २८ पाळ्यांचा तक्ता करा. प्रत्येक पाळीला दोघे, एक जुना विश्वासी आणि एक नवा. पाणी मारायला अर्धा तास लागतो. पाइप भरेपर्यंत त्या दोघांनी मार्कच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग वाचावा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करावी. उभ्या आयुष्यात पुढच्या बाकावरच्या माणसाशी न बोललेले लोक पाणी मारता मारता बोलू लागतात. नहेम्याच्या ३ ऱ्या अध्यायातही कित्येकांनी आपल्या घरासमोरचा तुकडा बांधला. शल्लूमच्या मुलीही त्या यादीत आहेत, आणि खांदा न लावणारे तकोवाचे प्रतिष्ठितही.

परांचीवर, सेंट्रिंगखाली आणि विजेच्या कामात स्वयंसेवक नकोत. मुले तर नाहीच नाहीत.

प्रश्न : नवे सभागृह देखणे झाले, पण बोललेले एक वाक्य कळत नाही. मोठे स्पीकर लावल्यावर आणखी बिघडले.

बिघडणारच. आवाज कमी पडत नाही आहे, तो मरत नाही आहे. पहिला शब्द भिंतींवर आपटत असतानाच पाचवा येऊन त्यात मिसळतो.

वरच्याच १२ बाय १८ च्या सभागृहाची सरासरी उंची ५ मीटर धरली तर आतली हवा १,०८० घनमीटर. भिंती, फरशी, छत मिळून पृष्ठभाग ७३२ चौरस मीटर. गिलावा आणि फरशी आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग शोषतात, म्हणजे एकूण शोषण २२ एकक (एक एकक म्हणजे आवाज पूर्ण शोषणारा एक चौरस मीटर). घुमण्याचा काळ काढायचा तर घनफळाला ०.१६१ ने गुणून शोषणाने भागतात. उत्तर येते जवळजवळ ८ सेकंद. एक टाळी वाजवा आणि आठपर्यंत मोजा, असे ते रिकामे सभागृह. माणसे आली की फरक पडतो. कपड्यांसह बसलेला माणूस साधारण ०.४५ एकक शोषतो. १५० जणांचे ६७ मिळवले की ८९, आणि काळ २ सेकंदांच्या आत. गीतांना हे गोड वाटते, उपदेशाला नाही. दोन्ही नीट हवे तर सुमारे १.२ सेकंद गाठायला पाहिजे. त्यासाठी १४५ एकक लागतात, म्हणजे अजून ५६. पाच सेंटिमीटर जाडीचे, कापड ओढलेले खनिज लोकरीचे पॅनल ऐंशी टक्के शोषते असे धरले तर ७० चौरस मीटर पॅनल लागेल.

ते कुठे लावायचे? पहिला मान मागच्या भिंतीचा. व्यासपीठावरून गेलेला आवाज तिथून परतताना वक्त्याच्या कानावर जाऊन आपटतो. थेट आणि परतलेल्या आवाजाच्या वाटेत १७ मीटरहून जास्त फरक पडला की तो स्पष्ट प्रतिध्वनी म्हणून ऐकू येतो, आणि तुमच्या सभागृहात जाऊन-येऊन ३० मीटर सहज होतात. उरलेले पॅनल बाजूच्या भिंतींवर, समोरासमोर न येता आलटून-पालटून. व्यासपीठाच्या मागची भिंत आणि तिच्यावरचे छत कडकच राहू द्या, ती वक्त्याला मदत करते. अंड्यांचे ट्रे आणि स्वस्त फोम लावू नका. ट्रे बोलण्याच्या पट्टीतला आवाज फारसा शोषत नाहीत, आणि दोन्ही भराभर पेटतात.

मोठे स्पीकर परत करता आले तर पाहा. लहान स्पीकर माणसांच्या दिशेने थोडे खाली झुकवून लावा, म्हणजे आवाज भिंतीवर न जाता कपड्यांवर पडेल. मागची भिंत गोलाकार करायचा बेत ज्यांच्या नकाशात आहे त्यांनी तो आत्ताच खोडावा. अशी भिंत आवाज एका जागी गोळा करते.

पत्र्याच्या छपराखाली पावसात उपदेश बुडतो, ही तक्रार वेगळी. तिला पत्र्याला खालून चिकटून ५० मिलिमीटरचे काचलोकरीचे आवरण आणि त्याखाली अंतर सोडून छत, असे दोन थर लागतात. नुसते छत पुरत नाही.

प्रश्न : व्यासपीठाखाली बाप्तिस्म्याचे कुंड करायचे आहे. काय लक्षात ठेवावे?

वजन आणि वीज. २.४ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि मीटरभर पाण्याचे कुंड म्हणजे जवळजवळ ३ टन पाणी. ते जमिनीवरच टेकू द्या, वरच्या मजल्यावर नको. जलरोधक लेप दिल्यावर फरशी बसवण्याआधी तीन दिवस पाणी भरून पातळीवर खूण करा आणि गळती तपासा. पायऱ्या दोन बाजूंनी, खडबडीत फरशीच्या, कठड्यासह. तळाला निचऱ्याकडे उतार.

पाण्यात उभे राहून तारेचा माइक हातात धरू नये, एकदाही नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात बाप्तिस्म्याच्या कुंडात उभ्या असलेल्या एका पाळकांचा माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. कुंडातल्या हाताला पोचेल असे कोणतेही विजेचे उपकरण नको, आणि व्यासपीठाच्या सगळ्या जोडण्यांना ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. पाणी तापवायचा हीटर माणूस उतरण्याआधी बंद करून प्लग काढून ठेवायचा.

प्रश्न : बांधकाम सुरू झाल्यापासून पाळकसाहेब दिवसभर साइटवर असतात. बुधवारचा अभ्यास बंद पडला, तरुण येईनासे झाले. सगळे म्हणतात, इमारत झाली की पुन्हा सुरू करू. (शब्बाथशाळा शिक्षिका)

बाई, पुन्हा सुरू होत नाही. इमारत झाली की समर्पणाचा सोहळा येतो, मग कर्ज, मग कंपाउंड.

प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये अन्नवाटपाची तक्रार खरी होती. प्रेषितांनी ती झटकली नाही आणि स्वतः वाढायलाही उठले नाहीत. सात माणसे नेमली आणि आपण प्रार्थना व वचनाची सेवा धरून ठेवली. तुमच्याकडेही पाच ते सात जणांची बांधकाम समिती असावी आणि तिच्यातला एकच जण कंत्राटदाराशी बोलणारा असावा. पाच जणांनी पाच सूचना दिल्या की बिल वाढते आणि जबाबदारी कोणाचीच राहत नाही. दर आठवड्याला एक बैठक, निर्णय लेखी. पाळकांनी त्या बैठकीला प्रार्थनेसाठी जावे, सळया मोजायला नको. त्यांना साइटवर राहायला आवडते, हीही एक अडचण असू शकते. भिंत संध्याकाळी किती चढली ते दिसते, माणूस किती वाढला ते दिसत नाही. हे त्यांच्याशी वडीलमंडळींनी प्रेमाने पण स्पष्ट बोलावे.

बुधवारचा अभ्यास तसाच सुरू करण्याऐवजी तीन-चार जणांचे गट करा. येशूने बारा जणांना निवडले ते आधी आपल्याबरोबर असण्यासाठी आणि मग पाठवण्यासाठी (मार्क ३:१४). बरोबर असणे मोठ्या वर्गात घडत नाही. मार्कचे १६ अध्याय, आठवड्याला दोन, म्हणजे आठ आठवडे. एका बैठकीला एक तास. पहिली १५ मिनिटे मागच्या आठवड्यात जे करायचे ठरले होते त्याचे काय झाले, एवढेच. मग अर्धा तास वाचन आणि चर्चा : इथे काय घडते, येशूबद्दल काय कळते, मला काय करायला सांगितले आहे. शेवटची १५ मिनिटे प्रत्येकाने एकच, मोजता येईल अशी कृती लिहून घ्यायची. ‘अधिक प्रेम करीन’ चालत नाही, ‘शुक्रवारपर्यंत भावाकडे जाऊन क्षमा मागीन’ चालते. मत्तय २८:२० मध्ये आज्ञा शिकवायच्या एवढेच म्हटलेले नाही, त्या पाळायला शिकवायचे म्हटले आहे. ही पहिली १५ मिनिटे वगळणारा गट दोन महिन्यांत गप्पांचा अड्डा होतो.

गट बिघडतात त्याची कारणे ठरलेली. एकटा शिकवतो आणि बाकीचे माना डोलावतात. गटातली कबुली बाहेर ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून फिरते. गट दहावर जातो आणि कोणाला फोडवत नाही. आणि चालवणारा पुढचा माणूस तयारच करत नाही. म्हणून पाचव्या आठवड्यापासून दर वेळी दुसऱ्याने गट चालवायचा. २ तीमथ्य २:२ मध्ये चार पिढ्या मोजता येतात : पौल, तीमथ्य, विश्वासू माणसे आणि ती ज्यांना शिकवतील ते इतर. आठ आठवड्यांनी चार जणांतले दोघे जरी नवा गट घेऊ शकले, तरी पुरे.

प्रश्न : आमच्याजवळ जमीनही नाही, पैसाही नाही. घरात जमतो. आमचे काही चुकते आहे का?

नाही. प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी मंडळी भरत असे (रोम १६:५), फिलेमोनाच्या घरीही. आजच्या सीरियातल्या दुरा-युरोपोस इथे उत्खननात सापडलेले चर्च हे मुळात राहते घर होते. तिसऱ्या शतकात त्याच्या दोन खोल्यांमधली भिंत काढून एक सभागृह केले आणि एका छोट्या खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड बसवले. एवढाच बदल. सभागृहात ७० च्या आसपास माणसे मावली असावीत. तुम्हीही भिंत काढण्याच्या विचारात असाल तर ती भार घेणारी आहे का, हे अभियंत्याला आधी विचारा.

प्रश्न : चाकाची खुर्ची वापरणाऱ्या दोन भगिनी मंडळीत आहेत. उताराला जागा पुरत नाही असे कंत्राटदार म्हणतो.

नियम एकास बारा. जोते ६० सेंटिमीटर उंच असेल तर उतार ७.२ मीटर लांब, वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडे, दार ९० सेंटिमीटर मोकळे. जागा नसेल तर तो मध्ये सपाट टप्पा घेऊन भिंतीलगत वळवता येतो. एकास सहाचा उतार ‘कोणीतरी ढकलेल’ म्हणून करू नका, उतरताना खुर्ची हातातून सुटते.

आत रांगांच्या टोकाला दोन खुर्च्या कमी करून त्यांना जागा द्या, सगळ्यांत मागे नको. आणि व्यासपीठाचे काय? ते ४५ सेंटिमीटर उंच असेल तर ५.४ मीटरचा उतार लागतो आणि तिथेच तो रद्द होतो. १२ रांगांच्या सभागृहाला ३० सेंटिमीटर उंची पुरते. मग उतार ३.६ मीटरचा होतो, बाजूच्या भिंतीलगत बसतो, आणि त्या भगिनींना वर जाऊन शास्त्रवाचन करता येते.